डब्यात राहिलेली प्लेट

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. खिळे उपटणारी किंवा वायरमनच्या खिशात असते तसली नव्हे. मी दातांच्या दवाखान्यातली, तार वाकवायची पक्कड. माझा एक जबडा गोल आणि निमुळता आहे, दुसरा चौकोनी. गोल जबड्यावर तारेला वळण मिळते, चौकोनी जबड्यावर कोपरा. दोन्ही मिटले की चोचीसारखे दिसतात, म्हणून मला विकत घेणारे मोठे डॉक्टर मला 'चिमणी' म्हणत. आपली जीवनकथा शांतपणे, गोड आवाजात सांगावी अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. माझ्या मनात अजून राग आहे आणि तो बाजूला ठेवला तर माझ्या गोष्टीत फारसे काही उरत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाची कांब तापवली, ठोकली आणि माझा ओबडधोबड आकार तयार झाला. मग एका कारागिराने तीन दिवस कानसीने माझे जबडे घासले. मध्येच तो मला मिटून दिव्यासमोर धरी आणि फटीतून उजेड दिसतो का ते पाही. जरा दिसला की पुन्हा कानस. मला त्याचा अगदी वैताग आला होता. पुढे कळले, की मुलांच्या तोंडात जाणाऱ्या तारेला केसभर चूकही खपत नाही.

मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना सायकलच्या दुकानावर होता. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत खुर्ची, दिवा आणि लोकांना बसायला बाक. मागच्या खोलीत खिडकीखाली लाकडी टेबल, प्लास्टरचे पिंप, गॅसची छोटी शेगडी आणि मी. मधल्या दारावर पडदा होता, पण तो कधीच पुरता ओढलेला नसे. त्यामुळे पुढे काय चालले आहे ते मला दिसत असे.

काम असे चाले. मुलाच्या दातांचे माप घ्यायचे. त्या मापात प्लास्टर ओतून त्याच्या दातांचा हुबेहूब साचा करायचा. साच्यावर मोजून माझ्याकडून तार वाकवायची, म्हणजे दाढांना धरणारे आकडे आणि मागे पडलेल्या दाताला हळूहळू पुढे ढकलणारी स्प्रिंग. मग त्यावर गुलाबी प्लास्टिक चढवले की प्लेट तयार. मूल सात-आठ वर्षांचे असते तेव्हा त्याचे दात आणि हाड ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. त्या वयात दोन वळणांची स्प्रिंग जे करते, ते पुढे दोन वर्षे तारा बांधूनही कधी कधी होत नाही. डॉक्टर काम करताना गुणगुणत आणि मुले आरशात आपले दात पाहून हसत. त्या हसण्यात माझाही वाटा होता. मी मोठी मानी झाले होते.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. पहिल्या वर्षात मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडून कितीतरी तारा मोडल्या. कितीतरी प्लेटा तोंडात बसल्याच नाहीत. न बसलेली प्लेट ते वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून देत आणि तिचा साचा फोडून टाकत. काचेच्या कपाटात ठेवायचे ते फक्त जमलेल्या कामांचे साचे, ओळीने, चिठ्ठ्या लावून. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. घरातही आपण पाहुण्यांसमोर फुटका कप ठेवत नाहीच.

मग मोठ्या डॉक्टरांचा हात थरथरू लागला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका तरुण डॉक्टर बाईंच्या हवाली त्यांनी दवाखाना केला. मला त्यांच्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "हिला गंजू देऊ नकोस." आणि ते दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी कुंड्यांना पाणी घालत बसले.

धाकट्या डॉक्टर कामात अतिशय हुशार. रूट कॅनॉल करताना त्यांचा हात असा स्थिर, की बसलेल्या माणसाला डोळा लागावा. पण मुलांचे वाकडे दात समोर आले की त्या अडखळत. पहिल्याच वर्षी त्यांनी बसवलेल्या एका आकड्याचे टोक एका मुलाच्या गालाला टोचले होते आणि त्याच्या वडिलांनी भरल्या बाकासमोर आवाज चढवला होता. टोक घासायला एक मिनिट लागले असते. त्यांनी ते घासलेही. पण तो आवाज त्यांच्या कानात घर करून बसला. तेव्हापासून मुलांच्या आईवडिलांना त्या एकच शब्द सांगत. "बघू."

माझी रवानगी मग भलत्याच कामांवर झाली. दवाखान्यात हत्यारे उकळणाऱ्या आणि नंबर पुकारणाऱ्या मावशी माझ्याकडून प्लास्टरच्या पिंपाचे झाकण उघडू लागल्या. पडद्याचा आकडा पिळायला मी, पर्सची अडकलेली चेन ओढायला मी. तीन दिवस घासून घेतलेले माझे जबडे, आणि त्यांनी चेन ओढायची. काय बोलणार? मला चोच आहे, वाचा नाही.

अशात एक दिवस सात वर्षांची एक मुलगी आली. पेन्सिली कुरतडून कुरतडून तिने सगळ्यांची टोके खाल्ली होती, म्हणून मावशींनी आल्या आल्या तिचे नाव खारूताई ठेवले. बरोबर तिची आई होती. त्या कपडे शिवत, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचे मशीन होते. बाहीला चार टाचण्या तशाच खोचलेल्या.

खारूताईचा वरचा पुढचा एक दात खालच्या दातांच्या आत उतरला होता. तोंड मिटले की तो समोरच्या खालच्या दाताला मागून ढकले. घास चावताना, बोलताना, दिवसभर. धाकट्या डॉक्टरांनी छोटा आरसा आत धरला आणि त्यांना क्षणात सगळे कळले. त्यांची नजर पडद्यापलीकडे माझ्याकडे आली, ती मी पाहिली.

"दात उलटा बसतोय," त्या म्हणाल्या.

"मग काही करावं लागेल का?" आईने विचारले.

"तसं... बघू. अजून बरेच दात यायचेत. सहा महिन्यांनी दाखवा."

सहा महिन्यांनी त्या मायलेकी आल्या तेव्हा खालच्या दाताची हिरडी खाली सरकू लागली होती. डॉक्टरांनी शहरातल्या, दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. आईने दोन दिवस मशीन बंद ठेवून लेकीला तिकडे नेले. तिकडच्या डॉक्टरांनी उलट चिठ्ठी पाठवली: 'साधी केस आहे. स्प्रिंगची एक प्लेट पुरे. आपल्याकडेच सहज होईल.' धाकट्या डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. मग खारूताईच्या दातांचे माप घेतले.

मित्रांनो, ती दुपार मी कधी विसरणार नाही. मागच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. त्यांनी मला पुसले, तार उचलली आणि साच्यावर मोजून वाकवायला लागल्या. हात जरा आखडलेला होता, पण वळण बरोबर पडले. दुसरेही बरोबर पडले. आकडे दाढांवर असे बसले, की मोठ्या डॉक्टरांनीही मान डोलावली असती. संध्याकाळपर्यंत गुलाबी, गुळगुळीत प्लेट तयार झाली. त्यांनी ती एका निळ्या डब्यात ठेवली, वर चिठ्ठी चिकटवली आणि डबा माझ्या शेजारी खणात ठेवला. मला वाटले, आता सुटले सगळे.

गुरुवारी खारूताई आली तर तिला शिंका येत होत्या. डॉक्टरांना हायसे वाटले, ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होते. "सर्दीत नको. पुढच्या वेळी." पुढच्या वेळी मावशी रजेवर होत्या. "मदतीला कोणी नाही, आणि प्लेट पहिल्यांदाच घालायचीय." मग खारूताईची परीक्षा आली. मग शाळेच्या गणवेशांचे दिवस आले आणि आईला मशीनवरून उठायला सवड मिळेना. त्यांचा फोन यायचा, आणि इकडून उत्तर जायचे, "काही घाई नाही, बघू." खणात मी आणि तो निळा डबा शेजारी शेजारी. मी मनातल्या मनात ओरडत होते, की अहो बाई, घाई आहे. पोरीचे तोंड काय आपल्यासाठी थांबले आहे?

अखेर सहा महिने झाल्यावर एका सकाळी डॉक्टरांनी डबा उघडला, प्लेट खारूताईच्या तोंडात सरकवली आणि ती बसेना. शेजारचा नवा दात अर्धा बाहेर आला होता. प्लेटची कड त्याच्यावर अडकत होती. त्यांनी कड घासली, पुन्हा लावून पाहिली. खारूताईच्या डोळ्यांत पाणी आले, पण तोंड तिने उघडेच ठेवले. शहाणी पोर.

आईने विचारले, "डॉक्टर, हे माप कधीचं?"

"तेव्हाचंच. आपण घेतलं होतं ना."

"म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचं." आईने आवाज चढवला नाही. "वाढत्या पोराचं माप घेऊन मी सहा महिन्यांनी कापड बेतलं, तर गिऱ्हाईक मला काय म्हणेल?"

डॉक्टर प्लेटची कड पुन्हा घासू लागल्या. आई म्हणाल्या, "राहू द्या. चल गं," आणि दोघी जिना उतरून गेल्या.

आता मला सांगा, काय अवघड होते? अर्ध्या तासात नवे माप घेता आले असते. साचा, तार, प्लास्टिक, सगळे दवाखान्यातच होते. मी तर टेबलावरच पडले होते. पण डॉक्टरांनी ती न बसलेली प्लेट हातात धरली आणि तिच्यात जणू आपला निकाल वाचला. "मावशी, हे आपलं कामच नव्हे," त्या म्हणाल्या.

"मग कुणाचं?" मावशींनी विचारले. डॉक्टरांनी पुढचा नंबर पुकारायला सांगितला. धाकट्या डॉक्टरांना दोन गल्ल्या चालून मोठ्या डॉक्टरांकडे जाता आले असते. त्या गेल्या नाहीत. त्यांना वाटे, सरांच्या कपाटातले सगळे साचे जमलेले, आणि आपण हे घेऊन कोणत्या तोंडाने जायचे? सरांच्या कचऱ्यातले साचे त्यांनी पाहिलेच नव्हते. ते मी पाहिले होते, आणि मला सांगता येत नव्हते.

पुढे एकदा दंतवैद्यकाच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी छापील प्रश्नांचा कागद घेऊन आली. पंख्याने कागद उडू नये म्हणून माझे वजन त्याच्यावर ठेवले, त्यामुळे मी सगळे वाचले. लहान वयात दात सरळ करण्याचे उपचार गरजेचे आहेत का? डॉक्टरांनी लिहिले, पूर्ण सहमत. याविषयी आपल्याला पुरेशी माहिती आहे का? होय. असे उपचार स्वतः करण्याचा आपला आत्मविश्वास किती, एक ते पाच? डॉक्टरांनी तीनवर गोल केला. मग खोडरबर मागितले आणि दोनवर केला.

विद्यार्थिनी हसली. "मॅडम, आज चार दवाखाने झाले. चारही ठिकाणी याच प्रश्नाला खोडरबर लागलं."

त्या दोघी हसल्या. मला हसू आले नाही. माहिती आहे, गरज पटते, हात चांगला आहे, आणि तरी दोन. म्हणजे नक्की कशाची वाट पाहायची? त्या संध्याकाळी वाऱ्याने मागची खिडकी आपटू लागली, तेव्हा मावशींनी मला तिच्या फटीत खोचले. तिथेच मी पाच वर्षे राहिले. पावसाचे शिंतोडे आले, धूळ आली, माझा सांधा गंजत गेला. आता मी पक्कड नव्हते, खिडकीची खुंटी होते.

पाच वर्षांनी एके दिवशी जिन्यावर पावले वाजली. एक तेरा वर्षांची उंच मुलगी, तिच्या हाताला धरून सात वर्षांची धाकटी बहीण आणि मागून त्यांची आई. धाकटीच्या शाळेतून दात तपासून घेण्याची चिठ्ठी आली होती. मावशी मोठीला ओळखून म्हणाल्या, "अगो, खारूताई ना तू?" मुलगी हसली आणि हसताना तिने तोंडावर हात धरला.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवले. खालच्या ओळीत मधोमध एक जागा रिकामी होती.

"गेल्या वर्षी काढला," आई म्हणाल्या. "फारच हलायला लागला होता. मोठ्या इस्पितळात म्हणाले, वेळेवर वरचा दात पुढे घेतला असता तर हा वाचला असता." मग त्यांनी धाकटीकडे बोट केले. "आणि हिचाही तसाच उतरतोय. मी इथे येणार नव्हते. हिनंच आणलं."

खारूताई खुर्चीतून वळून डॉक्टरांकडे पाहत होती. "तेव्हा तुम्ही नवी प्लेट का नाही केली?" तिने विचारले. तिला भांडायचे नव्हते, खरेच जाणून घ्यायचे होते.

मी खिडकीत ताठ झाले. मला वाटले, आता सर्दी येईल, परीक्षा येईल, गणवेश येतील.

"मला येत होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पहिली मीच केली होती. चांगली झाली होती. पण घालायचा धीर झाला नाही. मग ती बसली नाही आणि माझा उरलासुरला धीरही गेला."

"मग तेव्हा सांगायचं ना," खारूताई म्हणाली. "मला वाटलं, माझाच दात वाईट आहे."

मित्रांनो, पाच वर्षे मी मनात कितीतरी भाषणे रचली होती. त्यांतले एकही या एका वाक्यापुढे उभे राहिले नसते. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या.

"आता हिचं करा," खारूताई म्हणाली. "फक्त बघू म्हणू नका."

आई म्हणाल्या, "माझ्याकडे माप दिलं की आठवड्यात कपडा अंगाला लावून बघायला मिळतो. तुमच्याकडे?"

"शनिवारी," डॉक्टर म्हणाल्या, आणि धाकटीचे माप घेऊनच त्यांनी तिला खुर्चीतून उतरवले.

मग माझी शोधाशोध सुरू झाली. मावशींनी मला खिडकीतून उपटले, तेव्हा माझा सांधा हलेना. डॉक्टर मला उघडायला धडपडत होत्या आणि मी शरमेने आणि रागाने आणखीच घट्ट. आईने पिशवीतून मशीनच्या तेलाची कुपी काढली. येताना त्यांनी ती घरच्या मशीनसाठी विकत घेतली होती. दोन थेंब सांध्यात सोडून त्यांनी मला सवयीने उघडमीट केले, मी कुरकुरले आणि सैल झाले.

मायलेकी गेल्यावर डॉक्टरांनी आणखी एक काम केले. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते काठी टेकत जिना चढून आले आणि थरथरते हात खिशात घालून टेबलापाशी बसले. पहिली तार वळणावरच मोडली. धाकट्या डॉक्टरांनी मला खाली ठेवले.

"माझ्या पहिल्या चारही प्लेटा बसल्या नव्हत्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

"सर, कपाटात तर..."

"कपाटात बसलेल्याच ठेवतात गं. बाकीच्या मी कागदात गुंडाळून टाकायचो. पुढेही एखादी चुकली, तर तुम्ही शिकाऊ मुलं सकाळी यायच्या आत."

धाकट्या डॉक्टरांनी वळून कपाटाकडे पाहिले. "हे आधी सांगितलं असतंत तर."

"हो," मोठे डॉक्टर म्हणाले. "सांगायला हवं होतं." त्यांची नजर माझ्याकडे वळली, पण मला चिमणी म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. आणि बरेच झाले. माझा राग त्यांच्यावरही होता.

दुसरी तार मोडली नाही. शनिवारी प्लेट धाकटीच्या तोंडात टक् असा आवाज करून बसली. ती बोबडे बोलू लागली, तशी खारूताई खदखदून हसली आणि तिचा हात पुन्हा तोंडावर गेला. अडीच महिन्यांत धाकटीचा दात पुढे आला. त्यासाठी मला दोन वळणे द्यावी लागली, एवढेच काम होते.

आता मी पुन्हा टेबलावर असते. तेल वेळेवर मिळते. कामही मिळते, कारण डॉक्टर आता मुलांना परत पाठवत नाहीत, आणि अडले तर दोन गल्ल्या चालून जातात. काचेच्या कपाटात पुढच्या रांगेत तो निळा डबा उघडा ठेवला आहे, आत खारूताईची न बसलेली प्लेट. ठेवण्याआधी डॉक्टरांनी खारूताईला विचारले होते. शेजारच्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: 'खारूताई. प्लेट चांगली होती. मी सहा महिने घाबरले.' नवे शिकाऊ डॉक्टर आले, की त्यांना आधी तो डबा दाखवतात, मग बाकीचे कपाट.

तरी मित्रांनो, माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुम्हांला कुठे दुखत असेल, काही वाकडे वाढत असेल आणि एखादे मोठे माणूस 'बघू' म्हणाले, तर नम्रपणे विचारा, "कधीपर्यंत?" उत्तरात आठवड्याचा नेमका वार मागा. आणि उद्या तुम्ही स्वतः मोठे व्हाल, हातात हत्यार असेल आणि भीती वाटेल, तेव्हा ती भीती समोरच्या मुलाला सांगा. नाहीतर ते बिचारे वर्षानुवर्षे समजत राहील, की आपलाच दात वाईट आहे. खारूताई मधूनमधून दवाखान्यात येते, मावशींशी गप्पा मारते. हसताना तिचा हात अजून तोंडावर जातो, आणि तेवढे सरळ करणे माझ्या चोचीत नाही.